वहीतली किंमत आणि पेढीचे मोल

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे म्हणजे न्यासाच्या आयुष्यात एक टप्पा; पेढीच्या आयुष्यात मात्र दोन पिढ्या. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील जैन कुटुंबांची ओळख बराच काळ त्यांच्या पेढीवरून होत असे. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाचे भांड्यांचे, कुणाची सराफी, कुणाचा किराणा, कुणाचे हिऱ्यांचे काम. आजोबांनी लहानशा गाळ्यात मांडलेल्या पेढीवर आज नातवंडे बसलेली आहेत. पेढी वाढली तसे घरही वाढले. एका भावाला धंद्यातून बाहेर पडायचे असते, दुसऱ्याचा मुलगा परदेशी स्थायिक झालेला असतो, तिसऱ्याच्या पश्चात त्याची पत्नी व मुली असतात. मग एक दिवस प्रश्न उभा राहतो की, या पेढीची किंमत किती, आणि जाणाऱ्याच्या पदरात किती पडावे?

हा प्रश्न प्रथम हिशेबनीसाकडे जातो, नंतर वकिलाकडे, आणि पुष्कळदा समाजातील वडीलधाऱ्यांकडे येतो. वडीलधारी मंडळी समेट घडवतात, परंतु समेट म्हणजे न्याय नव्हे. समेटात ज्याचा आवाज लहान, त्याचा वाटाही लहान होण्याचा संभव असतो. म्हणून मूल्यनिर्धारण हा विषय केवळ सनदी लेखापालांवर सोडून चालणार नाही. श्रावकाने तो समजून घेतला पाहिजे, कारण त्याचा संबंध थेट अचौर्य अणुव्रताशी पोहोचतो.

भाव आणि मूल्य

चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानात उभे राहिले की दोन इमारती दिसतात. पूर्वेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. वायव्येच्या कोपऱ्यात, चर्चगेट स्थानकासमोर, इरॉस चित्रपटगृहाची इमारत. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मूल्यनिर्धारणाचे दोन मोठे धडे याच दोन इमारतींशी जोडलेले आहेत.

राजाबाई टॉवर शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दानातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातुःश्रींचे नाव दिले गेले. हे दान १८६४ सालचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि आलेला पैसा नव्या कंपन्यांच्या भागांत ओतला जात होता. बॅक बे भरणी कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ या देण्याघेण्याच्या दिवशी अनेक धनाढ्य घरे बुडाली. प्रेमचंद शेठांनाही त्याची जबर झळ बसली. भाग तेच होते, कंपन्या त्याच होत्या. काही आठवड्यांपूर्वी ज्या कागदाला लोक झुंबड करीत, त्याला कुणी विचारीना. बाजारात भाव निघाला म्हणजे मूल्य कळले असे होत नाही, हा पहिला धडा. खासगी पेढीचा तर भावही निघत नाही. तिचे भाग बाजारात विकले जात नाहीत, खरेदीदार बहुधा घरातलाच असतो, आणि त्यालाच पेढीची आतली सर्व माहिती असते. त्यामुळे तेथे मूल्य शोधावे लागते.

दुसरा धडा इरॉसचा. १९३८ मध्ये सुरू झालेले हे चित्रपटगृह व त्याचे उपाहारगृह एका खासगी कंपनीचे होते. पुढे हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे सोपवला गेला, तेव्हा त्याच्या ख्यातीची किंमत किती धरावी असा वाद जादा नफा कराच्या संदर्भात उत्पन्न झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एस. सी. कंबाटा आणि कंपनी या नावाने तो निवाडा १९६१ च्या निवाडासंग्रहांत आढळतो. ख्याती म्हणजे केवळ मोक्याच्या जागेचे मोल काय, हा त्यातला मुख्य मुद्दा. न्यायालयाने जागेचे महत्त्व मान्य केले. जागा बदलली तर ख्याती नाहीशी होऊ शकते, हेही सांगितले. परंतु जागा म्हणजे सर्वस्व नव्हे. सेवा कशी आहे, व्यवसायाचा लौकिक किती जुना आहे, चालवणारे किती प्रामाणिक आहेत, स्पर्धा किती आहे, या साऱ्यांतून ख्याती घडते, असा त्या निवाड्याचा आशय आहे. चालवणाऱ्याचा प्रामाणिकपणा हा मूल्याचा एक घटक आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने म्हणावे, ही व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

वही काय सांगते, काय सांगत नाही

बहुतेक घरांत वाटणीच्या वेळी प्रथम ताळेबंद काढला जातो. भांडवल खात्यावर जी रक्कम दिसते, तीच त्या भागीदाराची किंमत असे धरले जाते. ताळेबंद खोटा नसतो, पण तो भूतकाळाची भाषा बोलतो. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला गाळा त्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीने असतो, तोही घसारा वजा जाऊन. सराफाकडे जुन्या खरेदीचे सोने असेल तर तेही खरेदीच्या भावाने पडून असते. उलट, विकला न गेलेला जुना माल आणि न येणारी उधारी मात्र पूर्ण रकमेने मिरवत असते. हिऱ्यांच्या पेढीत जांगड आलेला माल तिजोरीत असतो, पण तो पेढीचा नसतो. आणि पेढीचा स्वतःचा माल दुसऱ्याच्या तिजोरीत जांगड गेलेला असतो. हे सारे तपासल्यावाचून तिजोरीकडे पाहून अंदाज करणे धोक्याचे.

शिवाय ताळेबंदात ज्याला ओळच नाही अशा गोष्टी आहेत. कमी भाड्याचा जुना गाळा, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके, घाऊक व्यापारी देतो ती नव्वद दिवसांची उधारी, पेढीचे नाव. मुंबईतील पागडीचा व्यवहार दीर्घकाळ उघडपणे करता येत नसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडण्यासाठी वा हस्तांतरित करण्यासाठी रक्कम घेणे कायदेशीर ठरवले. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या प्रकरणात मान्य केले. म्हणजे ज्या गाळ्याची वहीत दमडीही दिसत नाही, तोच पुष्कळदा पेढीची सर्वांत मोठी मालमत्ता असतो.

तीन दृष्टी

जैन दर्शनात वस्तूच्या एका अंगाकडून केलेल्या कथनाला नय म्हणतात. प्रत्येक नय आपल्या मर्यादेत खरा असतो. पण तो इतरांना नाकारून स्वतःलाच पूर्ण सत्य म्हणवू लागला की त्याचा दुर्नय होतो. मूल्यनिर्धारणाच्या पद्धती अशाच आहेत.

पहिली दृष्टी मालमत्तेची. आज प्रत्येक वस्तू विकली तर काय येईल, त्यातून देणी वजा करावीत. दुसरी दृष्टी उत्पन्नाची. ही पेढी पुढेही चालत राहील असे धरून तिच्या टिकाऊ नफ्याचे भांडवली मूल्य काढावे. तिसरी दृष्टी तुलनेची. तशाच दुसऱ्या पेढीचा व्यवहार काय भावाने झाला, ते पाहावे.

यांपैकी कोणती केव्हा वापरावी, यावर भारतीय न्यायालयांनी बराच विचार केला आहे. महादेव जालान या संपत्तीकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितले की, खासगी कंपनी चालू स्थितीत असेल तर तिच्या भागांचे मूल्य साधारणतः उत्पन्नावरून काढावे. मोडीची किंमत हा मार्ग कंपनी गुंडाळण्याच्या बेतात असेल अशा अपवादात्मक स्थितीसाठी. १९८० मध्ये मुंबईहून गेलेल्या कुसुमबेन महादेविया या दानकराच्या प्रकरणात हाच विचार पुढे नेला गेला, आणि चालत्या धंद्यासाठी दोन्ही पद्धतींची सरसकट सरासरी काढणेही बरोबर नाही, असे ठरले.

याच्या उलट, संपत्तीकराच्या एका नियमात मालमत्तेवर आधारलेली मोजणी ठरवून दिली होती, आणि ती बंधनकारक आहे असे त्याच न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले. यात विसंगती नाही. कर आकारण्यासाठी सरकार सोयीचे माप ठरवू शकते. मृत्युकर १९८५ मध्ये गेला, दानकर १९९८ मध्ये, संपत्तीकर २०१५ मध्ये. माप ज्या कामासाठी बनले, त्या कामापुरतेच ते खरे असते. कराच्या नियमाने निघालेली किंमत दाखवून भावजयीला किंवा पुतण्याला ‘हीच सरकारमान्य किंमत’ म्हणून सांगणे, हे त्या मापाचा दुरुपयोग करणे होय.

नफ्याला किती पटीने गुणावे, हाही प्रश्न आहे. भांडवल उभारणी नियंत्रकांच्या कार्यालयाने १९९० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कारखानदारीसाठी १५ टक्के, व्यापारासाठी २० टक्के आणि मधल्या प्रकारासाठी साडेसतरा टक्के असा दर धरला होता. व्यापारात जोखीम अधिक, म्हणून दर अधिक आणि मूल्य कमी. ते कार्यालय १९९२ मध्ये बंद झाले, तरी त्यामागचा विचार आजही उपयोगी आहे. ज्या नफ्याची शाश्वती कमी, त्याला कमी पटीने मोजावे.

एक उदाहरण

समजा, दादरला हिंदमाता परिसरात तीन भावांचे कापडाचे दुकान आहे. वाटा समान. मधला भाऊ निवर्तला. त्याच्या पश्चात पत्नी आणि दोन मुली आहेत. हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही समजण्यासाठी घेतलेले आहेत.

ताळेबंदात माल ८५ लाखांचा, येणी २५ लाख, फर्निचर ५ लाख, रोख व बँक ५ लाख. एकूण १२० लाख. देणी ४० लाख आणि बँकेचे कर्ज २० लाख. शिल्लक ६० लाख. यावरून मधल्या भावाचा वाटा २० लाख. पुष्कळ ठिकाणी हिशेब येथेच थांबतो आणि सही घेतली जाते.

आता वही बाजूला ठेवून पेढी पाहावी. मालातील १० लाखांचा जुना माल ३ लाखांतच जाईल. म्हणजे ७ लाख वजा. येण्यांतील ४ लाख बुडीत, तेही वजा. पण गाळ्याचा भाडेहक्क आज दीड कोटीला जाईल, आणि घरमालकाचा तिसरा हिस्सा दिल्यावर एक कोटी उरेल. ६० मधून ११ गेले, १०० मिळाले. झाले १४९ लाख. कर व खर्च धरण्यापूर्वी एका वाट्याला ४९ लाख ६७ हजार येतात.

दुसऱ्या दृष्टीने पाहावे. दुकानाचा सरासरी वार्षिक नफा ४२ लाख. मात्र यात दोन भावांच्या दिवसभराच्या श्रमांचा मोबदला धरलेला नाही. त्यांच्या जागी जाणते व्यवस्थापक नेमले तर प्रत्येकी ९ लाख द्यावे लागतील. ते १८ लाख वजा जाता पेढीचा स्वतःचा नफा २४ लाख. २० टक्क्यांच्या दराने मूल्य १२० लाख, १५ टक्क्यांच्या दराने १६० लाख. एका वाट्याला ४० ते ५३ लाख.

या आकड्यांतून चार गोष्टी कळतात. पहिली, वहीतला २० लाखांचा आकडा कोणत्याही दृष्टीने टिकत नाही. दुसरी, राहणाऱ्या भावांच्या बाजूनेही न्याय हवा. त्यांचे श्रम वजा न करता ४२ लाखांवर मूल्य काढले तर जाणाऱ्याला त्यांच्या उद्याच्या घामाची किंमत मिळेल. ‘तीन वर्षांचा नफा म्हणजे ख्याती’ असा जो ढोबळ आडाखा बाजारात चालतो, त्यात नेमकी हीच चूक होते. ४२ लाखांवर तो १२६ लाख सांगतो, २४ लाखांवर ७२ लाख.

तिसरी, एकच वस्तू दोनदा मोजू नये. २४ लाखांच्या नफ्यात कमी भाड्याच्या गाळ्याचा लाभ आधीच आलेला आहे. १६० लाखांत पुन्हा भाडेहक्काचे एक कोटी मिळवून २६० लाख म्हणणे चूक. भांडणात जाणाऱ्या पक्षाकडून बहुधा हीच मागणी होते, आणि तिच्यामुळे रास्त मागणीही अविश्वसनीय ठरते. चौथी, मालमत्तेचे मूल्य उत्पन्नाच्या मूल्याहून अधिक निघाले तर पेढीला स्वतःविषयी एक कठोर सत्य कळते. गाळा जितका मोलाचा, तितकी त्यातली पेढी कमावत नाही. दुकान तरीही चालवावे की नाही हा कुटुंबाचा प्रश्न. पण त्या आवडीचा भार बाहेर पडणाऱ्या विधवेने का उचलावा?

जागा आणि माणूस

इरॉसच्या निवाड्यात जागेविषयी जे म्हटले, त्याचा अनुभव गिरणगावाने घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. परळ-लालबागच्या ज्या दुकानांचा महिना कामगाराच्या पगारावर चालत असे, त्यांचे गिऱ्हाईकच ओसरले. जागा तीच, मालक तोच, प्रामाणिकपणा तोच. पण उत्पन्न गेले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या आणि त्याच जागांना नवे मोल आले. म्हणजे जागेची किंमत आणि पेढीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढत असताना दुसरी घटू शकते.

ऑपेरा हाऊसचा अनुभव निराळा. तेथील हिऱ्यांच्या व्यापाराचा मोठा भाग २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यानंतर तिकडे गेला. पेढ्या हलल्या, पण त्यांची ख्याती मागे राहिली नाही, कारण ती शब्दावर उभी होती. ज्याच्या शब्दावर जांगड माल मिळतो, त्याचे गिऱ्हाईक पत्त्यावर अवलंबून नसते. मात्र अशा ख्यातीत एक धोकाही असतो. शब्द पेढीचा आहे की एकट्या काकांचा? काका गेल्यावर जो नफा टिकणार नाही, तो पेढीच्या मूल्यात पूर्णपणे धरता येत नाही. म्हणून संबंध, हिशेब आणि निर्णय पुढच्या पिढीत वेळीच उतरवणे, हेदेखील मूल्य वाढवण्याचेच काम आहे.

येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या पेढीत दोन वह्या चालतात, तिचे मूल्य कधीच नीट निघत नाही. दुसऱ्या वहीतला नफा करापासून लपतो, तसाच तो विधवेपासून आणि अज्ञान मुलांपासूनही लपतो. वाटणीच्या दिवशी पहिली वही पुढे केली जाते. कर चुकवण्यासाठी केलेली सोय शेवटी घरातल्या दुर्बलालाच भोवते.

कायद्याचे संरक्षण

भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. कलम १४ प्रमाणे ख्याती ही भागीदारीची मालमत्ता आहे. ती राहणाऱ्यांची खासगी नव्हे. वेगळा करार नसेल तर कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. हिशेब न मिटवता इतरांनी धंदा चालू ठेवला तर, करारात वेगळे ठरले नसल्यास, कलम ३७ प्रमाणे वारसांना आपल्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा सालिना ६ टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते. हिशेब लांबवण्याने देणे टळत नाही, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे.

जैनांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना जन्मतः मुलांइतकाच हक्क मिळाला; त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. पेढी एकत्र कुटुंबाची असेल तर मूल्य ठरवताना सासरी गेलेल्या मुलीला विसरून चालणार नाही.

पेढी खासगी कंपनी असेल तर आणखी एक वाद येतो. थोड्या भागांवर कुणाचे नियंत्रण चालत नाही आणि ते बाहेर विकता येत नाहीत, म्हणून त्यांची किंमत कमी धरावी, असे सांगितले जाते. बाहेरच्या खरेदीदारापुरते हे खरे आहे. पण नावाला कंपनी आणि व्यवहाराला भावाभावांची भागीदारी असेल, आणि भाग घेणारा भाऊच असेल, तर अशी कपात सामान्यतः न्याय्य नसते, असा विचार इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८० च्या दशकात मांडला. भारतातही अन्याय सिद्ध झाल्यास कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४२ खाली न्यायाधिकरण एका गटाचे भाग दुसऱ्याने विकत घ्यावेत असा आदेश देऊ शकते. याच कायद्याच्या कलम २४७ प्रमाणे नोंदणीकृत मूल्यनिर्धारकांची व्यवस्था २०१७ पासून सुरू झाली. जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि भाग-रोखे या तीन वर्गांसाठी वेगवेगळे मूल्यनिर्धारक असतात. त्यामुळे गाळ्याची आणि धंद्याची किंमत एकाच व्यक्तीने अंदाजे सांगावी, ही जुनी रीत सोडणे बरे.

सलोख्याच्या दिवशी लिहावे

मूल्यावरून होणारी बहुतेक भांडणे गणिताची नसतात. जाणारा कोण आणि राहणारा कोण हे ठरल्यावर माप निवडले जाते, तेथे भांडणाचे मूळ असते. उपायही तेथेच आहे. उद्या कोण जाणार हे कुणालाच माहीत नसते, अशा सलोख्याच्या दिवशी माप ठरवावे.

भागीदारीच्या करारपत्रात काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. गाळा पेढीचा की एखाद्याच्या नावाचा. मूल्य कोणत्या दिवसाचे धरायचे. मृत्यू, निवृत्ती आणि राजीनामा यांसाठी वेगळे की एकच. कोणती पद्धत मुख्य आणि कोणती पडताळणीसाठी. काम करणाऱ्या भागीदारांचा मोबदला किती. ख्याती धरायची की नाही, आणि धरायची तर कशी. मतभेद झाल्यास मूल्यनिर्धारक कोण नेमणार. रक्कम किती हप्त्यांत, किती व्याजाने आणि कोणत्या तारणावर द्यायची. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण न्याय्य किंमत एकरकमी मागितली तर चालती पेढी मोडते आणि राहणाऱ्यांबरोबर जाणाऱ्याचेही नुकसान होते. भागीदारांच्या आयुष्याचा विमा पेढीने उतरवून ठेवला तर हा भार पुष्कळ हलका होतो. आणि हे सारे दर काही वर्षांनी, दिवाळीच्या चोपडापूजनानंतर एकत्र बसून पुन्हा वाचावे.

बंधुभगिनींनो, अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये एक अतिचार हीनाधिक मानोन्मानाचा सांगितला आहे. देताना कमी मापाने द्यावे आणि घेताना अधिक मापाने घ्यावे, असा. दुकानातल्या तराजूपुरता हा अतिचार सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला कापड पुरे मोजून देणारा श्रावक विधवा भावजयीला तिच्या वाट्याचे ४५ लाख देणे लागत असताना २० लाख देऊन सही घेत असेल, तर ते माप कोणते? त्याचप्रमाणे दोनदा मोजलेली मागणी घेऊन चालती पेढी बंद पाडू पाहणाऱ्याचेही माप कोणते? पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे. परंतु ज्याच्याकडून कमी मोजले गेले, त्याने क्षमा मागण्याबरोबर राहिलेले मापही पुरे करावे.

चोपडापूजनाच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागितली जाते. त्याच पानावर अभयकुमारांची बुद्धीही मागितली जाते. लब्धी आणि ऋद्धी पेढी वाढवण्यासाठी लागतात. ती वाटण्याची वेळ आली म्हणजे बुद्धी लागते. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी या न्यासाचे बीज पेरले, त्यांनी आपल्या पेढ्यांच्या नफ्यातून ते पेरले. त्या पेढ्या पुढच्या पिढ्यांत टिकाव्यात, आणि ज्यांना त्या सोडून जावे लागेल त्यांच्या पदरात त्यांचा पुरा वाटा पडावा, एवढीच या मंगल प्रसंगी जिनेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.